हवेच्या खांबांचे घर

तंबू आपण सर्वांनी पाहिला आहे. सर्कशीचा पाहिला असेल, जत्रेतल्या दुकानाचा पाहिला असेल. तंबूला काय काय लागते? कापड लागते, दोर लागतात, खुंट्या लागतात आणि खांब लागतात. या सगळ्यांत जड काय? खांब. मोठा तंबू न्यायचा तर लाकडाचे किंवा लोखंडाचे खांब गाडीत भरावे लागतात. ते उभे करायला दहा माणसे लागतात. एक खांब मोडला की सगळे काम अडते.

आता समजा, एका रात्री भूकंप झाला. रस्ते खचले. दवाखान्याची इमारत पडली. जखमी माणसे उघड्यावर पडली आहेत. पाऊस येऊ पाहत आहे. अशा वेळी जड खांब आणायचे कसे आणि उभारायचे कोणी?

म्हणून काही लोकांनी विचार केला. हवा तर सगळीकडे आहे. ती गाडीत भरून न्यावी लागत नाही. मग खांबच हवेचे केले तर?

ऐकून हसू येते. हवेला हाताने धरता येत नाही, तिचा खांब कसा होणार? आम्ही हा धडा प्रथम रात्रीच्या वर्गात वाचून दाखवला, तेव्हा सगळे असेच हसले. पण वर्गात एक भाऊ होते. त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. ते म्हणाले, "गुरुजी, हसायचं काय त्यात? सायकलवर दोन पोती लादून माणूस जातो. ते ओझं कोण उचलतं? चाकातली हवाच की!"

अगदी खरे. त्यांनी एका वाक्यात अर्धा धडा शिकवला. उरलेला अर्धा आपण आता पाहू.

१. घरी करून पाहा

प्लॅस्टिकची एक बिनभोकाची पिशवी घ्या. वीतभर रुंद आणि थोडी अधिक लांब असावी. ती चटईवर सपाट पसरा. तिच्यावर पाच किलो ज्वारीचे गाठोडे ठेवा. पिशवीचे तोंड आवळून धरा आणि हळूहळू फुंका. काय होते? गाठोडे वर उचलले जाते. हाताने उचलायला जे जड वाटते ते नुसत्या फुंकरीने उचलले जाते.

असे का होते? फुंकलेली हवा पिशवीच्या प्रत्येक बोटभर जागेवर थोडी थोडी ढकलते. प्रत्येक ठिकाणचा जोर अगदी लहान असतो. पण जागा पुष्कळ असते. सगळा जोर एकत्र झाला की ओझे उचलले जाते. दहा माणसांनी एकेक बोट लावून पाट उचलावा, तसेच हे.

आणखी एक उदाहरण घ्या. पूर्वी पखालीतून पाणी वाहत असत. रिकामी पखाल जमिनीवर लोळते. भरली की ताठ आणि गोल होते. कातडे तेच असते. फरक एवढाच, की आतल्या पाण्याने ते चहूकडून ताणले जाते. हवेच्या खांबाचेही असेच आहे. कापडाच्या नळीत हवा भरली की कापड ताणले जाते. ताणलेली नळी सहज वाकत नाही. वाकायचे म्हटले तर तिची एक बाजू सैल पडावी लागते, आणि आतली हवा तिला सैल पडू देत नाही. जितकी हवा जास्त तितका खांब ताठ.

२. दोन तऱ्हा

हवेची घरे दोन तऱ्हेची असतात. हा फरक नीट लक्षात ठेवावा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

पहिली तऱ्हा अशी. एक मोठे घुमटासारखे कापड घेतात. त्याच्या कडा जमिनीला घट्ट बांधतात. पंख्याने आत हवा भरत राहतात. सगळे छत आतल्या हवेवर तरंगते. यात खांब मुळीच नाहीत. माणसे त्या फुग्याच्या आतच वावरतात.

मग आत गुदमरत नाही का? कान दुखत नाहीत का? नाही. कारण दाब फारच थोडा असतो. अशा घरात बाहेरपेक्षा साधारण चारशेवा हिस्सा दाब अधिक असतो. सात मजल्यांच्या इमारतीवरून खाली उतरले की आपल्या अंगावरचा हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढाच हा. आपल्याला तो कळतही नाही. आणि पंख्याने ताजी हवा सारखी येतच असते.

एवढ्याशा दाबाने होते काय? एक चौरस मीटर जागेवर सुमारे २५ किलोचा जोर लागतो. छताचे कापड चौरस मीटरला जेमतेम एक किलो भरते. म्हणून छत आरामात वर राहते. तुम्ही पाच किलोचे गाठोडे फुंकून उचलले, तेव्हा तुमच्या फुंकरीचा दाब याच्या चौपट होता!

पण या घराला दार कसे ठेवायचे? साधे दार उघडले तर हवा भसकन बाहेर जाईल. म्हणून दोन दारे ठेवतात आणि मध्ये एक छोटी खोली. पहिल्या दारातून आत यायचे, ते लावायचे, मग दुसरे उघडायचे. दोन्ही एकदम कधी उघडायची नाहीत. काही ठिकाणी गोल फिरणारे दार बसवतात.

दुसरी तऱ्हा अशी. कापडाच्या जाड नळ्या करतात. त्या कमानीसारख्या वळलेल्या असतात. नळ्यांत हवा भरली की कमानी उभ्या राहतात. त्यांच्यावर साधे तंबूचे कापड असते. इथे हवा फक्त नळ्यांत कोंडलेली असते. माणसे साध्या हवेत राहतात. दार कसेही उघडा, तंबू पडत नाही. नळ्यांतला दाब मात्र पहिल्या तऱ्हेपेक्षा पुष्कळ अधिक लागतो. लहान तंबूत तो दोन-चार पौंड असतो. विमान ठेवण्याएवढ्या मोठ्या तंबूत मोटारीच्या टायरइतका किंवा त्याहूनही अधिक ठेवतात. त्यासाठी नळ्या खास मजबूत धाग्यांनी विणतात.

३. कल्पना कोणाला सुचली?

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर नावाचे एक इंजिनियर होते. मोटारगाड्या आणि विमाने हा त्यांचा विषय. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. रणांगणावर जखमींची रीघ लागली. दवाखान्यासाठी मोठे, हलके तंबू हवे होते. लँचेस्टरांनी युक्ती काढली, की खांब नकोतच, छत हवेवरच तोलावे. १९१७ साली त्यांनी या कल्पनेच्या हक्कासाठी सरकारकडे अर्ज केला. १९१८ साली हक्क मिळाला.

ध्यानात घ्या, ही कल्पना नाटकशाळेसाठी किंवा जत्रेसाठी निघाली नाही. जखमी माणसांच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून निघाली. पण त्या काळी हवा धरून ठेवील असे हलके आणि टिकाऊ कापड मिळत नव्हते. त्यामुळे तंबू काही उभा राहिला नाही. लँचेस्टर १९४६ साली वारले. कल्पना कागदावरच राहिली.

कापड आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. विणलेल्या कृत्रिम धाग्यांवर रबरासारखा लेप द्यायची विद्या तोवर पुढे गेली होती. आता कामही वेगळे निघाले. अमेरिकेच्या सैन्याला अतिथंड उत्तर मुलखात रडार यंत्रे बसवायची होती. रडार म्हणजे दूरचे विमान हुडकणारे यंत्र. वारा आणि बर्फ यांनी ते बिघडते, म्हणून त्यावर छप्पर हवे. पण छपरात लोखंड असले तर रडारच्या लहरींना अडथळा होतो. लहरी आरपार जाव्यात आणि वारा मात्र अडावा, असे छप्पर कशाचे करणार?

वॉल्टर बर्ड या इंजिनियरने हवेचे केले. १९४८ साली अमेरिकेतील बफेलो गावी त्याने सुमारे ५० फूट रुंदीचा कापडी घुमट उभा केला. खांब नाही, तुळई नाही. आत फक्त हवा. हे छत भार सोसते हे दाखवण्यासाठी बर्ड स्वतः घुमटाच्या माथ्यावर चढून उभा राहिला. त्याचे तसे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे असे पुष्कळ घुमट सैन्याने उभारले. बर्डने १९५६ साली स्वतःचा कारखाना काढला आणि गोदामे, पोहण्याचे तलाव यांच्यासाठीही हवेची छपरे केली.

४. रणांगणावरचा दवाखाना

लँचेस्टरांचा मूळ हेतू होता दवाखान्याचा. तो व्हिएतनामच्या युद्धात पुरा झाला. १९६६ साली अमेरिकन सैन्याने तिथे ताय निन्ह या गावाजवळ एक नव्या तऱ्हेचा दवाखाना नेला. शस्त्रक्रियेची खोली पेटीसारखी घडीची होती. रोग्यांचे वॉर्ड मात्र हवेने फुगणारे होते. त्यांच्या भिंती दुहेरी कापडाच्या, मधल्या जागेत हवा. एका इंजिनावर सगळे चाले. वीज तेच देई, पाणी तेच तापवी, थंड हवा तेच सोडी आणि भिंतीही तेच फुगवी. दमट उन्हाळ्यात जखमी शिपायाला थंड, स्वच्छ खोली मिळाली. ही केवढी सोय!

पण दोन गोष्टी लवकरच कळून चुकल्या. पहिली ही, की कापड म्हणजे चिलखत नव्हे. दवाखाना रोगी घेऊ लागण्यापूर्वीच छावणीवर उखळी तोफांचे गोळे पडले आणि दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर मारले गेले. गोळ्याचे तुकडे कापडातून आरपार जातात. हवेची भिंत पाऊस अडवते, ऊन अडवते, गोळी अडवत नाही. म्हणून वाळूची पोती रचून बाहेरून आडोसा करावा लागे. दुसरी गोष्ट ही, की त्या इंजिनाला इंधन फार लागे. तंबू हलका होता खरा, पण त्याच्यामागे तेलाची पिंपे आणावी लागत.

इथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते, हवेचे घर फुग्यासारखे फटदिशी फुटते. तसे होत नाही. फुगा फुटतो, कारण त्याचे रबर अतिशय ताणलेले असते. तंबूचे कापड विणलेले असते आणि दाब थोडा असतो. लहान भोक पडले तर हवा फुसफुसत जाते. पंखा चालू असेल तर तो तेवढी हवा पुन्हा भरतो. भोक सापडले की ठिगळ लावतात. आमचे सायकलवाले भाऊ म्हणाले, "मग ते तर पंक्चरच झालं!" होय, पंक्चरच. जागा पुसून कोरडी करायची, खरवडायची, सोल्युशन लावायचे, ठिगळ दाबून बसवायचे. रीत तीच, सोल्युशन मात्र त्या कापडाला चालणारे हवे.

५. भूकंपानंतर

आता शांततेच्या काळातली गोष्ट. फ्रान्समध्ये १९७१ साली डॉक्टरांची एक संस्था निघाली. तिच्या नावाचा अर्थ 'सीमा न मानणारे डॉक्टर' असा आहे. युद्ध, साथ, भूकंप, पूर असेल तिथे हे डॉक्टर जातात. १९९९ साली या संस्थेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरच्या डोंगराळ भागात मोठा भूकंप झाला. सत्तर हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक पाकिस्तानच्या बाजूची होती. आपल्या बाजूलाही हजारावर गेली. दवाखाने पडले होते, आणि हिवाळा तोंडावर होता. या संस्थेने तेव्हा पाकिस्तानात मानसेहरा येथे हवेच्या तंबूंचा दवाखाना उभा केला. संस्थेने अशा तंबूंचा केलेला हा पहिलाच मोठा उपयोग. हे तंबू दुसऱ्या तऱ्हेचे होते, म्हणजे नळ्यांच्या कमानींचे. आत शस्त्रक्रिया होत, मोडलेली हाडे बसवली जात.

१२ जानेवारी २०१० रोजी हैती या गरीब देशात भूकंप झाला. लाखाहून अधिक माणसे दगावली. राजधानीतले दवाखाने कोसळले. तिथेही हाच तंबूंचा दवाखाना पाठवला. नऊ तंबू, सुमारे शंभर खाटा आणि शस्त्रक्रियेच्या खोल्या. पण एक अडचण आली. राजधानीच्या विमानतळावर गर्दी झाली होती. संस्थेच्या सामानाची काही विमाने तिथे उतरूच शकली नाहीत. ती शेजारच्या डोमिनिकन देशात उतरली, आणि तिथून सामान रस्त्याने आणावे लागले. तंबू मिनिटांत फुगतो, पण पोचायला दिवस लागले. ते दिवस जखमींना फार महाग पडले.

म्हणून सांगतो, तंबू हे अर्धेच काम. एक तंबू फुगायला अर्धा तास पुरतो. पण दवाखाना म्हणजे नुसते छत नव्हे. स्वच्छ पाणी हवे, वीज हवी, हत्यारे उकळायची सोय हवी, संडास हवेत, मैलापाणी दूर नेणारा चर हवा. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. आणि पोचवायला रस्ता हवाच. २०१३ साली फिलिपाइन्स देशात हैयान नावाचे भयंकर वादळ झाले. टॅक्लोबान शहर उद्ध्वस्त झाले. तिथेही या संस्थेने हवेच्या तंबूंत दवाखाना चालवला.

इमारती काही सगळ्याच पडत नाहीत. मग एखादी उरलेली इमारत का वापरू नये? याचे उत्तर ज्यांनी भूकंप पाहिला त्यांना विचारा. मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के कित्येक दिवस येत राहतात. ज्याच्या अंगावर छत पडले, तो पुन्हा सिमेंटच्या छताखाली झोपायला धजत नाही. हैतीत अनेक रोगी इमारतीत जायलाच तयार नव्हते.

आपल्यालाही हे दुःख ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे हादरली. लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. ती भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. पण खरे पाहता जड दगडमातीच्या भिंती आणि वरचे मातीचे माळवद यांच्याखाली ती दबली. छप्परच काळ झाले. हवेचे छप्पर पडले तर अंगावर काय पडते? कापड. माणूस त्याखालून सरपटत बाहेर येऊ शकतो. या घराचा मोठा गुण हाच, की ते पडले तरी सहसा जीव घेत नाही.

६. वारा, ऊन, बर्फ आणि आग

गुण सांगितले. आता दोष सांगतो. दोष माहीत नसले तर चांगली वस्तूही घात करते.

पहिला वैरी वारा. पहिल्या तऱ्हेचे दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब घर घ्या. जागा झाली २०० चौरस मीटर. प्रत्येक चौरस मीटरला २५ किलोचा जोर. म्हणजे सगळे मिळून पाच हजार किलो. शंभर शंभर किलोची पन्नास पोती जेवढी जड, तेवढ्या जोराने छत वर जाऊ पाहते! म्हणून कडा जमिनीत खोल मेखा ठोकून बांधतात, किंवा वाळूची पोती आणि पाण्याच्या मोठ्या पिशव्या यांनी दाबून धरतात. वारा सुटला की आणखी भर पडते. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १२ किलो असतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा ४८ किलोंनी ढकलतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे विसरू नये.

मोठे वादळ येणार असे कळले तर कापडी छत रिकामे करणे हेच शहाणपण. २०२१ सालच्या मे महिन्यात तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले. तेव्हा करोनाच्या साथीसाठी मुंबईत मांडवांचे मोठमोठे दवाखाने होते. ते हवेचे नव्हते. धातूच्या सांगाड्यावर कापड असे होते. तरी वादळ पोचण्यापूर्वी शेकडो रोग्यांना तिथून पक्क्या इमारतींत हलवले. हे योग्यच केले.

दुसरा वैरी ऊन. बंद नळीतली हवा उन्हाने तापते आणि फुगू पाहते. पहाटे २० अंश उष्णता असताना नळीत ३ पौंड हवा भरली आणि दुपारी ती ५० अंशांपर्यंत तापली, तर दाब जवळजवळ ५ पौंड होतो. नळी उसवायची भीती असते. म्हणून नळीला झडप बसवतात. दाब वाढला की झडप आपोआप उघडते आणि जादा हवा सोडते. उलट रात्री थंडीने नळी सैल पडते. तेव्हा पुन्हा हवा भरावी लागते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ कोणीतरी नळ्या दाबून पाहिल्या पाहिजेत.

तिसरा वैरी बर्फ. आपल्याकडे तो नाही, पण हिमालयात आहे. अमेरिकेत मिनियापोलिस शहरी खेळाच्या एका प्रचंड मैदानावर हवेवर तोललेले छत होते. १२ डिसेंबर २०१० रोजी त्यावर इतका बर्फ साचला की कापड फाटले आणि छत खाली आले. सुदैवाने मैदान रिकामे होते. कोणालाही इजा झाली नाही.

चौथा वैरी आग. लेपाचे कापड तापले की वितळते, आणि त्याचा धूर विषारी असतो. आग पसरू नये म्हणून कापडाला खास औषध देतात. तरीही आत चूल, स्टोव्ह, कंदील नकोच.

वर्गातल्या एका ताईंनी विचारले, "आणि वीज गेली तर हो?" प्रश्न अगदी मोलाचा. पहिल्या तऱ्हेच्या घराचा पंखा थांबला तर छत हळूहळू खाली येते. एकदम आदळत नाही. बाहेर पडायला वेळ मिळतो. तरीसुद्धा तिथे दोन पंखे ठेवतात, आणि दुसरा डिझेलच्या इंजिनावर चालणारा असतो. नळ्यांच्या तंबूला मात्र वीज गेल्याने लगेच काही होत नाही. हवा आत कोंडलेली असते. म्हणूनच आजकाल आपत्तीच्या जागी दुसरी तऱ्हाच अधिक पसंत करतात.

७. आत राहायची वेळ आली तर

तशी वेळ कोणावर न येवो. पण आलीच तर एवढे ध्यानात ठेवा.

कोयता, विळा, सुई, तुटका पत्रा भिंतीपासून दूर ठेवावा. भिंतीला खिळा ठोकू नये. नळीला दोरी बांधून कपडे वाळत घालू नयेत. मुलांना नळीवर घसरगुंडी खेळू देऊ नये.

आत विस्तव करू नये. बिडी-सिगारेट ओढू नये. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा.

विजेचे जनित्र तंबूत किंवा दाराशी ठेवू नये. त्याच्या धुराला कधी कधी वासही येत नाही, पण तो झोपेतच माणसाचा जीव घेतो.

पंख्याच्या तोंडाशी सामान किंवा अंथरूण ठेवू नये. त्याचे बटण ओळखीच्या माणसाशिवाय कोणी दाबू नये.

दोन दारांचे घर असेल तर एका वेळी एकच दार उघडावे. बाहेर पडायचा दुसरा मार्ग कोठे आहे ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

फुसफुस ऐकू आली किंवा भिंत सैल लागली तर लपवू नये. लगेच सांगावे. भोक लहान असतानाच बुजते.

वारा वाढला आणि बाहेर पडा असे सांगितले, तर सामानासाठी थांबू नये.

८. हे घर नव्हे

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची.

आपत्तीत माणसाला डोक्यावर छप्पर हवे, तेव्हा किती जागा पुरते? जगभरच्या मदत संस्थांनी ठरवले आहे, की स्वयंपाकाची जागा सोडून माणशी निदान साडेतीन चौरस मीटर हवी. म्हणजे सतरंजी पसरून चार पावले टाकता येतील एवढीच. या हिशेबाने आपल्या २०० चौरस मीटरच्या तंबूत ५७ माणसे मावतील. हजार कुटुंबांच्या गावाला असे किती तंबू लागतील, हिशेब तुम्हीच करा. पुन्हा हे तंबू साध्या तंबूपेक्षा महाग असतात. त्यांना पंप लागतो, देखरेख करणारा माणूस लागतो. म्हणून सगळ्या गावासाठी ते कोणी आणत नाही. दवाखाना, प्रसूतीची खोली, औषधांचे कोठार, सैन्याचे ठाणे अशाच कामांना ते वापरतात. बाकीच्यांना साधा तंबू, ताडपत्री किंवा पत्र्याची शेड मिळते.

आणि तंबू काही झाले तरी तंबूच. ऊन, पाऊस आणि रोजची वापर यांनी कापड झिजते, शिवण उसवते. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांना पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये दिवस काढावे लागले आणि मग पक्की गावे उभी राहिली. तात्पुरते ते तात्पुरतेच राहावे लागते. 'छप्पर दिले आहे, आता घाई कसली?' असे कोणी म्हणू लागले, तर गावकऱ्यांनी एकजुटीने विचारले पाहिजे, "पक्के घर कधी?" तेही असे घर, की जे पुढच्या धक्क्यात अंगावर पडणार नाही.

हवेचा खांब माणसाला पहिले काही दिवस तारून नेतो. त्या दिवसांत एखादी बाळंतीण सुखरूप सुटते, एखाद्याचा पाय वाचतो. काम एवढेच, पण ते फार मोठे. पुढचे काम दगडविटांचे, आणि ते आपले आहे.

वाचा आणि सांगा

१. हवेच्या घरांच्या दोन तऱ्हा कोणत्या? कोणत्या तऱ्हेला दोन दारे लागतात? का?
२. लँचेस्टरांची कल्पना त्यांच्या हयातीत का उभी राहिली नाही?
३. पाच हजार किलोंचा जोर कसा आला? हिशेब वहीत मांडा.
४. तंबूत जनित्र का ठेवू नये?
५. तुमच्या गावात दवाखाना पडला, तर तंबू उभारायला मोकळी आणि सपाट जागा कोठे आहे? पाणी जवळ आहे का? चार जणांनी मिळून जाऊन पाहून या.